घर दिलंत, आता त्या घरात राहण्याचा खर्चही मोजा

प्रति,
गृहनिर्माण विभाग व वित्त विभाग, महाराष्ट्र शासन
म्हाडा, मुंबई
मुंबई महानगरपालिका

विषय : पुनर्विकसित इमारतींतल्या मूळ रहिवाशांवर पडणारा दरमहाचा खर्च व कर आणि त्यामुळे होणारं स्थलांतर

महोदय,

सप्रेम नमस्कार.

लालबाग-परळ पट्ट्यातल्या एका पुनर्विकसित इमारतीच्या गृहनिर्माण संस्थेचा मी खजिनदार आहे. आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला आणि आम्हा जुन्या भाडेकरूंपैकी बहुतेकांना ४०५ चौरस फुटांचं घर मालकी हक्काने, एक पैसा न देता मिळालं. १६० फुटांच्या खोलीत तीन पिढ्या काढलेल्या माणसांना स्वतःचा संडास, स्वतःचं स्वयंपाकघर आणि नावावरचा कागद मिळाला, याचं मोल आम्ही जाणतो. पुनर्विकासाला विरोध करण्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही.

पण आमच्या नावांच्या पाट्या एकेक करून बदलत आहेत. घराचा ताबा मिळाल्यावर दोन-चार वर्षांतच मूळ बिऱ्हाडं उठायला लागली. कोणी डोंबिवलीला गेलं, कोणी बदलापूरला, कोणी विरारला, कोणी पनवेलच्या पुढे, तर कोणी थेट चिपळूण-राजापूरकडच्या गावी. गेलेल्यांपैकी निम्म्याअधिकांनी मला जाण्याआधी घरी बोलावून हिशेब मांडायला लावला होता, कारण संस्थेची वही माझ्याकडे असते. त्या हिशेबात मी जे पाहिलं ते तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून हा पत्रप्रपंच.

मुद्दा एकच आहे. पुनर्विकासाची योजना मंजूर करताना तुम्ही घराचं क्षेत्रफळ मोजता, चटईक्षेत्र मोजता, विकासकाला विकायला किती उरतं ते मोजता. त्या घरात राहायला दर महिन्याला किती पैसे लागतील आणि ते तिथल्या माणसाकडे आहेत का, हे कुठल्याच टेबलावर मोजलं जात नाही. म्हणून घर मिळूनही माणूस त्या घरात टिकत नाही.

चाळीचं अर्थकारण काय होतं ते आधी सांगतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने मुंबईतली भाडी १९४० च्या पातळीला बांधली. १९९९ चा कायदा आला, तो २००० मध्ये लागू झाला आणि त्याने वर्षाला ४ टक्के वाढ मंजूर केली. मूळ रक्कमच एवढी लहान होती की ४ टक्के वाढूनही आमच्या चाळीत भाडं, उपकर, पाणी सगळं धरून महिन्याला दीड-दोनशे रुपयांच्या वर कोणाचं गेलं नाही. मालक दुरुस्ती करत नव्हता, हे खरं. जिना डुगडुगायचा, गच्ची गळायची. पण गिरणी बंद पडल्यावर, १९८२ च्या संपानंतर ज्यांच्या घरी पगार येणं थांबलं, ती घरं मुंबईत टिकली ती या दीड-दोनशे रुपयांवर. खानावळ चालवून, पापड लाटून, रात्रपाळीची वॉचमनकी करून बायका-पुरुषांनी मुलं शिकवली. भाडं हजारांत असतं तर १९८३ सालीच परळ मराठी माणसाने रिकामं केलं असतं.

आता टॉवरचं बिल पाहा. आमच्या संस्थेचं एका घराचं मासिक बिल सध्या ६,८०० रुपयांच्या आसपास आहे. त्यात सगळ्यात मोठा आकडा सिक्युरिटी आणि हाऊसकीपिंगचा. त्याखाली लिफ्टची एएमसी, म्हणजे वार्षिक देखभालीचा करार. आमच्या विंगला तीन लिफ्ट आहेत. विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या ७५ वर्षांच्या माणसाला ‘लिफ्ट कमी वापरा’ असं कोण सांगणार? मग कॉमन लाइट, पाणी वर चढवणाऱ्या मोटारी, सांडपाणी शुद्धीकरणाचा प्लांट, यांत्रिक पार्किंग. पार्किंग ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांच्याही इमारतीत आहे, आणि ते बंद पडलं तर गंजतं, म्हणून दुरुस्त ठेवावंच लागतं. अग्निसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून ‘बी’ फॉर्म द्यावा लागतो. ते योग्यच आहे, उंच इमारतीत आगीशी खेळ नको. पण पंप, स्प्रिंकलर, होजरील चालू ठेवायला पैसे लागतात. त्यावर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे संस्थांसाठी सरकारने घालून दिलेल्या नमुना नियमांप्रमाणे, बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा निधी. टॉवरचा बांधकाम खर्च चाळीच्या कितीतरी पट, म्हणजे हे निधीही त्याच पटीत.

यातला एकही खर्च उधळपट्टीचा नाही. मी प्रत्येक व्हाउचरवर सही करतो, म्हणून खात्रीने सांगतो. इमारत उंच असेल तर ती चालवायला एवढे पैसे लागतातच. प्रश्न एवढाच की ते कोणाच्या खिशातून येणार आहेत.

आमच्याकडच्या कितीतरी घरांत आज एकच ठरलेली आवक आहे, ती म्हणजे ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाशी जोडलेल्या कर्मचारी पेन्शन योजनेची पेन्शन. या योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिन्याला १,००० रुपये आहे. गिरणीतून, छोट्या कारखान्यातून, छापखान्यातून बाहेर पडलेल्यांना १,२००, १,८००, फार तर अडीच-तीन हजार मिळतात. आमच्या अकराव्या मजल्यावरच्या एका काकूंची विधवा पेन्शन याच पट्टीतली. मुलगा कुरिअरच्या कंपनीत, महिन्याला अठरा हजार, घरात शाळकरी नातवंडं दोन. त्यांनी वर्षभर बिल भरलं, मग अर्धं भरायला लागल्या, मग थांबल्या. थकबाकीवर उपविधीप्रमाणे वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत व्याज लावता येतं. आमच्या सर्वसाधारण सभेने ते लावायचं ठरवलं, कारण बाकीचे भरणारे विचारत होते की आम्हीच का भरायचं. मग वसुलीचा अर्ज. कायद्यातलं कलम आता बदललंय, तरी सगळे त्याला अजून ‘एकशे एक’च म्हणतात. तो अर्ज टाइप करायला गेलो तेव्हा काकूंनीच निरोप धाडला, “भाऊ, कोर्टकचेरी नको, आम्ही घर भाड्याने देतो आणि बदलापूरला जातो.”

बदलापूरला त्यांनी भाड्याने घर घेतलं. परळच्या घराचं भाडं येतं, त्यातून बदलापूरचं भाडं, दोन्हीकडचं मेंटेनन्स आणि किराणा भागतो. हिशेबाने त्यांनी बरोबर केलं. पण मुलगा पहाटे निघतो, रात्री पोचतो. काकूंचा डोळ्यांचा आणि बीपीचा दवाखाना म्हणजे केईएम. पूर्वी त्या चालत जायच्या, आता पहिल्या लोकलने येऊन केसपेपरच्या रांगेत उभ्या राहतात. ज्या वस्तीत केईएम, वाडिया आणि टाटा हॉस्पिटल हाकेच्या अंतरावर आहेत, तिथून म्हातारी माणसं उठून तिथे जातात जिथून या हॉस्पिटलला यायला दीड-दोन तास लागतात. हा खर्च कुठल्या हिशेबात धरायचा?

आणि लोकलचा प्रवास म्हणजे काय हे ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ सगळ्यांनी पाहिलं. दारात लटकलेली माणसं एकमेकांवर आदळून रुळांवर पडली आणि जीव गेले. त्या दारांत लटकणाऱ्यांमध्ये कधीकाळी परळ, लालबाग, गिरगावात जन्मलेली माणसं पुष्कळ असतात. कामाची जागा मुंबईतच राहिली आणि राहणं मात्र परवडेल तिथे गेलं, त्याची ही गर्दी आहे.

आता करांकडे येतो.

मालमत्ता कराबाबत आधी धन्यवाद. १ जानेवारी २०२२ पासून मुंबईतल्या ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला. ४०५ फुटांच्या आम्हा सगळ्यांना त्याचा फायदा मिळतो आणि ही माफी नसती तर गेलेल्यांची संख्या आणखी मोठी असती. पण चाळीत ज्यांच्या दोन-तीन खोल्या जोडून होत्या, त्यांना कायद्यानुसार थोडं मोठं घर मिळालं. ते ५०० च्या किंचित वर गेलं की माफी संपूर्ण जाते आणि पहिल्या फुटापासून कर लागतो. तोही भांडवली मूल्यावर आधारित, म्हणजे परळच्या रेडीरेकनरच्या, सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या दरावर. शेजारच्या गिरणीच्या जागेवर काचेचे मनोरे उभे राहिले, जमिनीचा दर चढला, आणि त्याचा भार पडला निवृत्त फिटरच्या ५२० फुटांवर. त्याची मिळकत एका रुपयानेही वाढलेली नाही. माणूस स्वतः राहत असलेल्या घराच्या पहिल्या ५०० फुटांना माफी आणि फक्त वरच्या फुटांवर कर, असा नियम करायला महापालिकेला किती तोटा येईल? हिशेब करून पाहा, एवढंच म्हणतो.

असाच दुसरा खड्डा जीएसटीचा. गृहनिर्माण संस्थेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर आणि सभासदाचं मासिक वर्गणीचं बिल ७,५०० रुपयांच्या वर गेलं की १८ टक्के जीएसटी लागतो. ही ७,५०० ची मर्यादा जानेवारी २०१८ मधली आहे. त्यानंतर वॉचमनचं किमान वेतन वाढलं, विजेचे दर वाढले, लिफ्टच्या सुट्या भागांच्या किमती वाढल्या. मर्यादा जागच्या जागी आहे. शिवाय केंद्राच्या २०१९ च्या परिपत्रकाने सांगितलं की ७,५०० ओलांडले तर कर संपूर्ण रकमेवर. मद्रास उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये निकाल दिला की कर फक्त वरच्या रकमेवर लागावा, पण सगळीकडचे सीए आजही सावधगिरीने पूर्ण रकमेवरच लावायला सांगतात. बिल ७,५०० असेल तर कर शून्य, ७,६०० झालं तर १,३६८ रुपये. आमचं बिल आज ६,८०० च्या घरात आहे. दोन वर्षांत आम्ही त्या रेषेवर पोचू आणि त्या दिवशी एका फटक्यात नऊ हजारांच्या बिलाला हात लागेल. राज्याचे प्रतिनिधी जीएसटी परिषदेत बसतात. त्यांनी हा विषय तिथे मांडावा, मर्यादा वाढवून घ्यावी आणि कर फक्त वरच्या रकमेवर लागेल असं स्पष्ट करून घ्यावं, ही वित्त विभागाला विनंती.

बाहेर जाणाऱ्यालाही करच भेटतात. मुंबई शहरात घर घेताना मुद्रांक शुल्क मेट्रो उपकरासह ६ टक्के. तोच माणूस परवडत नाही म्हणून ठाण्याकडे सरकला की स्थानिक संस्थेचा १ टक्का धरून ७ टक्के. बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत आहे, ती चांगली आहे आणि आमच्याकडच्या अनेकांनी घेतली. पण मूळ रचनाच उलटी आहे. ५० लाखांच्या घरावर ७ टक्के म्हणजे साडेतीन लाख, वर नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू असलेलं घर असेल तर जीएसटी वेगळा : किंमत ४५ लाखांपर्यंत आणि कार्पेट ६० चौरस मीटरपर्यंत असेल तर १ टक्का, नाहीतर ५ टक्के. ही ४५ लाखांची मर्यादा १ एप्रिल २०१९ ची. तेव्हा डोंबिवलीत ४५ लाखांत काय मिळायचं आणि आज काय मिळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ४६ लाखांचं घर घेणाऱ्याचा कर ४६ हजारांऐवजी २ लाख ३० हजार होतो. म्हणून लोक डोंबिवली सोडून बदलापूर, बदलापूर सोडून वांगणी, वांगणी सोडून नेरळ-कर्जतकडे सरकतात. प्रत्येक स्टेशन पुढे गेलं की घर दोन-चार लाखांनी स्वस्त आणि प्रवास दहा-पंधरा मिनिटांनी लांब.

कराने माणूस हलतो, हे सरकारला ठाऊक नाही असं मी म्हणणार नाही. १ सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरपर्यंत तुम्ही मुंबईत मुद्रांक शुल्क ५ वरून २ टक्क्यांवर आणलंत, नंतर मार्च २०२१ पर्यंत ३ टक्के ठेवलंत. त्या डिसेंबरात दुय्यम निबंधक कार्यालयांबाहेर रांगा लागल्या होत्या. करोनाच्या भीतीतही माणसं बाहेर पडून नोंदणी करत होती. तीन टक्क्यांनी एवढा फरक पडतो, तर महिन्याला सात हजारांच्या बिलाने किती पडत असेल?

आयकरातही एक गोष्ट आहे. राहतं घर विकून दुसरं घर घेतलं तर भांडवली नफ्यावर सूट मिळते, हे जुनं आहे. २०१९ च्या अर्थसंकल्पापासून नफा दोन कोटींपर्यंत असेल तर आयुष्यात एकदा एकाऐवजी दोन घरं घेऊनही ही सूट घेता येते. आमच्या लोकांसाठी ती तरतूद जणू मापून शिवली आहे. वडिलांच्या नावावर एक घर, मुलगे दोन. परळचं घर विकायचं, डोंबिवलीत एकाला आणि विरारला दुसऱ्याला राहायला म्हणून वडिलांच्याच नावावर दोन घरं घ्यायची, कर नाही, भांडण नाही, दोघांचे संसार स्वतंत्र. मला यात गैर काही दिसत नाही. मी स्वतः दोन घरांचे असे कागद पाहून दिलेत. पण मुंबईत राहणाऱ्याला दर महिन्याला बिल, आणि मुंबई सोडणाऱ्याला करात सूट, असं चित्र समोर असल्यावर कोण कुठे जाईल याचं उत्तर कागदावरच लिहिलेलं असतं.

गावी गेलेल्यांबद्दल थोडंसं. ग्रामपंचायतीची घरपट्टी वर्षाला काही शे रुपये, पाणी विहिरीचं, भाजी परसातली, भाताला स्वतःचं शेत. टॉवरच्या दोन महिन्यांच्या बिलात तिकडे एका माणसाचं वर्ष निघतं असं आमचे तळमजल्यावरचे मामा म्हणायचे, आणि ते गेलेही. आवडीने जाणाऱ्याचं कौतुकच आहे. पण हृदयाला स्टेंट घातलेल्या माणसाने तालुक्याला हृदयरोगाचा डॉक्टर नाही हे माहीत असून जावं, ही निवड म्हणायची की नाइलाज?

आता आमच्या मागण्यांकडे. सगळ्यात आधी कॉर्पस फंड, म्हणजे ज्याच्या व्याजातून इमारतीची देखभाल करायची ती ठेव. उपकरप्राप्त इमारतींच्या, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासात विकासकाने कॉर्पस निधी द्यावा आणि त्यातून दहा वर्षं इमारतीची देखभाल व्हावी, असा विकास नियंत्रण नियमावलीचा मूळ हेतू आहे. प्रत्यक्षात निधीची रक्कम वाटाघाटीत ठरते. विकासक दर घराला एक गोल आकडा सांगतो, लोकांना तो मोठा वाटतो, आणि इमारत वीस मजली आहे की चाळीस, तीन लिफ्ट आहेत की सहा, याच्याशी त्या आकड्याचा संबंध नसतो. आमच्याकडे निधीचं बँकेतलं व्याज बिलाच्या पाचव्या हिश्शालाही पुरत नाही. काही संस्थांत तर निधी सभासदांना रोख वाटला गेला, तो लग्नकार्यात आणि दुखण्यात संपला, आणि आता तिथे बिल भरायला काही नाही. म्हणून आमचं म्हणणं : कॉर्पसची रक्कम घरामागे ठरवू नका, इमारतीच्या प्रत्यक्ष चालवण्याच्या खर्चावरून ठरवा. ती ताबा देण्याआधी संस्थेच्या खात्यात मुदत ठेवीत जमा झाली पाहिजे, आणि मूळ रक्कम मोडता येणार नाही अशी अट हवी. दहा वर्षांनी माणसं तिथेच असतात आणि लिफ्ट तेव्हाच म्हातारी होऊ लागते, म्हणून मुदत दहा वर्षांवर थांबवू नका.

दुसरं, बिलाची वाटणी. गृहनिर्माण संस्थांच्या उपविधींप्रमाणे सेवा शुल्क सगळ्या घरांना समान. आमच्या संस्थेत पुनर्वसनाची विंग आणि विक्रीची विंग एकाच संस्थेत आहेत. तिकडे १,२०० फुटांची घरं, खाली पोडियमवर (पार्किंगच्या मजल्यांवरच्या मोकळ्या गच्चीवर) बाग, जिम, मुलांचं खेळण्याचं संकुल. त्यांचं आणि आमचं सेवा शुल्क सारखं. कोणी म्हणेल, लिफ्ट आणि वॉचमन सगळ्यांनाच सारखा लागतो. लिफ्टबाबत मी ते मान्य करतो. पण पोडियम, जिम, बाग यांचं काय? त्या सोयी विक्रीची घरं विकली जावीत म्हणून बांधल्या गेल्या, आमच्या मुलांसाठी कोणी त्या मागितल्या नव्हत्या. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली खर्च अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणजे क्षेत्रफळाप्रमाणे वाटणी ही काही नवी कल्पना नव्हे. मिश्र संस्थांसाठी सहकार विभागाने वेगळे उपविधी करावेत आणि किमान चैनीच्या सोयींचा खर्च क्षेत्रफळाप्रमाणे वाटावा. मोठ्या घरांचे सभासद याला विरोध करतील, हे मला आमच्याच सभेतून माहीत आहे. म्हणूनच हे सभेवर सोडू नका, नियमात घाला.

तिसरं मला सगळ्यात जवळचं आहे. भाडेकरूची संमती घेताना त्याच्यापुढे नकाशा ठेवतात, गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक ठेवतात, नमुना घर दाखवतात. त्याच वेळी एक पान मराठीत द्यायला लावा : ही इमारत चालवायला दरमहा अंदाजे किती खर्च येईल, त्यातला किती कॉर्पसच्या व्याजातून भागेल, तुमच्या घराचं बिल पहिल्या वर्षी किती, पाचव्या वर्षी किती, दहाव्या वर्षी किती. ते पान नोंदणीकृत कराराला जोडलेलं हवं आणि त्यावर वास्तुविशारदाची आणि सीएची सही हवी. हा आकडा आधी समोर असता, तर आमच्या चाळीने वीस मजल्यांऐवजी बारा मजल्यांची, एका लिफ्टने कमी असलेली इमारत मागितली असती का? मागितली असती, असं मला वाटतं. निदान विचारलं तरी असतं.

बीडीडी चाळींचं, म्हणजे सरकारी मालकीच्या जुन्या चाळींच्या पुनर्विकासाचं काम आम्ही आशेने पाहतो आहोत. वरळीत ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या दिल्यात, १६० फुटांतून ५०० फुटांत माणसं गेली. तिथे प्रकल्प सरकारचाच आहे, म्हणून तिथे तुम्हाला विकासकाशी वाटाघाट करायची गरज नाही. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरची बिऱ्हाडं रांगेत आहेत. त्या सगळ्या घरांचं दरमहाचं बिल पहिल्या दिवसापासून जाहीर करा आणि दरवर्षी किती मूळ रहिवासी तिथे राहतात याची मोजणी करा. किल्ल्या किती वाटल्या, हा आकडा नेहमी छापून येतो. पाच वर्षांनी किती घरांत तेच लोक राहतात, हा आकडा मी कधी पाहिलेला नाही.

विजेबाबत एक सोपी गोष्ट सुचवतो. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना कॉमन वापराच्या सौर यंत्रणेसाठी दर किलोवॅटला १८ हजार रुपये अनुदान आहे. टॉवरची गच्ची लहान, त्यावर पाण्याच्या टाक्या, पण पोडियमची छतं मोकळी असतात. नवीन पुनर्विकासात ही यंत्रणा विकासकानेच बसवून द्यावी असा नियम केलात तर मोटारींचं आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल कायमचं हलकं होईल.

आणि ज्यांच्या घरात साठीच्या पुढची माणसं आहेत व पेन्शनशिवाय दुसरी आवक नाही, जी स्वतः त्याच घरात राहतात, भाड्याने देत नाहीत, त्यांच्या बिलाचा ठरावीक भाग राज्याने उचलावा. पुनर्विकासातून सरकारला अधिमूल्य (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी घेतलेले पैसे) मिळतं, मुद्रांक शुल्क मिळतं, महापालिकेला विकास शुल्क मिळतं. विक्रीच्या विंगमधल्या एकेका घराच्या नोंदणीवर लाखांनी शुल्क जमा होतं. ते घर ज्या जमिनीवर उभं आहे तिथे ऐंशी वर्षं राहिलेल्या बाईच्या बिलाचा दोन-तीन हजारांचा भाग त्यातून निघू शकतो.

गिरणी कामगारांना मुंबईबाहेर, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीत घरं देण्याचा विषय निघाला तेव्हा जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानात जमले आणि म्हणाले, आम्हाला मुंबईतच घर हवं. त्यांचं म्हणणं न्याय्य आहे. पण त्यांना उद्या मुंबईत तीस मजली इमारतीत घर मिळालं आणि बिलाचा विचार कोणी केला नाही, तर त्यांची मुलं पाच वर्षांत स्वतःच्या पायांनी वांगणीला जातील. मे २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या गृहनिर्माण धोरणात २०३० पर्यंत ३५ लाख घरांचं उद्दिष्ट आहे. त्यातल्या परवडणाऱ्या प्रत्येक घरासमोर किमतीबरोबर दरमहाचा खर्चही लिहिला जावा, एवढी दुरुस्ती मागतो आहे.

आमच्या संस्थेची पाच वर्षांची लेखापरीक्षित पत्रकं, बाबनिहाय खर्च आणि थकबाकीचा तक्ता माझ्याकडे तयार आहे. सभासदांची नावं काढून तो आपल्या कार्यालयात घेऊन यायला मी कधीही तयार आहे. आजूबाजूच्या इतर पुनर्विकसित इमारतींचे खजिनदारही सोबत येतील, त्यांच्याशी बोलणं झालं आहे. भेटीची वेळ कळवावी. रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल, रविवारी आम्ही वर्गणी गोळा करायला बसतो.

आपला,
खजिनदार,
एक पुनर्विकसित सहकारी गृहनिर्माण संस्था,
लालबाग-परळ, मुंबई